सरकारी रांजण

काचीगुड्याच्या टेसनावर उतरल्यापासून संतरामांनी पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता, आणि हे त्यांनी टांगेवाल्याला, टांग्यामागं धावणाऱ्या भिकाऱ्याला आणि बागेआमच्या बाजूच्या फाटकावरल्या शिपायालाही सांगून झालं होतं. शिपायाला मराठी येत नव्हतं. तरी त्यानं सलाम ठोकला. संतरामांना वाटलं, आपल्या रिवाजाला ठोकला. सलाम जावयाला होता.

रिवाज साधा होता. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या दारचं खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. आता हे सगळ्याच गावात होतं, पण कुरुंद्याच्या टेकाळ्यांच्या घरात त्याला एक शेपूट होतं. चुकून खाल्लं-प्यालंच, तर लेक मागेल ते द्यायचं, तेही जागेवरून उठायच्या आत. संतरामांच्या आजानं एका उन्हाळ्यात लेकीच्या घरी तांब्याभर ताक पिऊन टाकलं होतं, आणि लेकीनं ढवळ्या बैल मागून घेतला होता. तेव्हापासून घरात कुणी ताकाचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप्प होत. लोक म्हणत, टेकाळे रिवाजाला फार धरून असतात. टेकाळे बैलाला धरून होते.

थोरल्या रुख्मिणीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि लेकरू नव्हतं. नऊ वर्षांत संतराम तिच्या दारचं पाणी प्याले नाहीत. याचा त्यांना इतका अभिमान, की उद्या लेकीला पोरगं झालंच असतं तर या माणसाकडं चारचौघांत सांगायला काय उरलं असतं, देव जाणे.

म्हणून तर हैदराबादला येऊनही लेकीच्या घरी जायचं नव्हतं. "तुझ्या उंबऱ्यात आलो तर जेव म्हणशील. आमी कुठंतरी झाडाखाली बसतो, तू तिथं ये," असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. रुख्मिणीनं उलट निरोप दिला, बागेआम नावाची मोठी बाग आहे, सरकारी आहे, तिथं या, हे तुम्हाला आणायला येतील. एवढं शहाणपण लेकीला सुचलं म्हणून संतराम खूश झाले. पोरीनं आपलं वळण टाकलं नाही, असं ते वाटेत दोनदा म्हणाले.

जावई सोनाजी पुढं आणि मागं कुरुंद्याची वरात. संतराम, त्यांची बायको आशाबाई, विधवा थोरली बहीण पार्वतीबाई, आणि शेवटी गाठोडं डोक्यावर घेतलेली धाकटी लेक जिवन. फाल्गुनातलं ऊन लख्ख पडलं होतं. हिरवळीवर शहरी बायका छत्र्या उघडून बसल्या होत्या. पाऊस नसताना छत्री उघडलेली बघून पार्वतीबाई उभ्याच राहिल्या.

"डोक्यावर परिणाम झाला का काय ह्यायच्या?"

"फॅशन हाय, आत्या," सोनाजी म्हणाला.

"आमच्याकडं त्याला दुसरं नाव हाय."

सोनाजीनं त्यांना बागेच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथं मेंदीचं उंच कुंपण होतं, कुंपणाला फट होती, आणि फटीतून आत गेलं की एक थोराड चिंच. चिंचेखाली जमीन सारवल्यासारखी स्वच्छ. सडा टाकलेला, वर चार बोटं रांगोळी. एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला लिंबाचं झाड, मिरच्यांची चार रोपं, आणि झाडाच्या बुंध्याशी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाण्याचा रांजण. पलीकडं मधुमालतीच्या वेलानं झाकलेलं एक बुटकं कौलारू घर.

"वा!" संतराम म्हणाले. "सरकार असावं तर असं. बघा, सडा टाकून ठिवलाय. रांगोळी बी सरकारी!" मग तुळशीला हात जोडून म्हणाले, "आन् निजामाच्या राज्यात तुळस! उगा लोक काही बी बोलत असतेत." शेवटी त्यांची नजर कौलारू घराकडं गेली. "ते खोपट कोण्या भिकाऱ्याचं?"

सोनाजी खोकला. "माळी-बिळी ऱ्हात असतील, मामा."

"हाकलायला पायजे. एवढ्या चांगल्या जागेला दृष्ट लागल्यासारखं दिसून राहिलं."

जाजम अंथरलं गेलं. संतराम बसले आणि रांजणाकडं बघत राहिले. कुरुंद्याच्या विहिरीच्या पाण्याची कळशी त्यांनी फडकं बांधून सोबत घेतली होती, पण पूर्णेला गाडी बदलताना ती आशाबाईंच्या कमरेवरून घसरली आणि घराण्याची अब्रू फलाटावरून वाहत रुळात गेली. तिथपासून संतराम बायकोशी बोलत नव्हते. आता तोंड इतकं कोरडं पडलं होतं, की बोलायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं.

"आक्का," ते बहिणीला म्हणाले, "ह्या पाण्याचं काय? लेकीच्या गावचं हाय."

रिवाजाच्या बाबतीत पार्वतीबाईंचा शब्द शेवटचा. त्या मांडी घालून बसल्या, रांजणाकडं बघितलं, आकाशाकडं बघितलं. तहान त्यांनाही लागली होती.

"गाव केवढं हाय हे! सगळं का रुखीचं हाय? पाणी बागेचं. बाग सरकारची. सरकारला सारा कोण भरतं?"

"आमी."

"मग पाणी कोणाचं?"

संतराम उठले आणि आपलं पाणी तांब्याभर प्याले. मग अजून एक तांब्या. मग दोन सरकारी लिंबं तोडून तिसऱ्यात पिळली.

*

आशाबाईंना पाण्याचं सुख वाटलं, ते नवऱ्याचं तोंड गप्प झालं म्हणून. कालपासून त्या मनात एकच गोष्ट घोळवत होत्या. साखऱ्याहून रुख्मिणीच्या सासूनं सांगावा धाडला होता, की आखाजीच्या आत सोनाजीला दुसरी बायको करणार. तुमच्या घरातली देता का बाहेरची बघू?

त्यांच्या घरात एक होती. जिवनला अठरावं सरलं होतं. एवढं वय होईपर्यंत ती राहिली कारण संतरामांना सरकारी नोकरीपेक्षा कमी जावई चालत नव्हता, आणि सरकारी नोकरीवाल्याला संतराम चालत नव्हते. सासूचा सांगावा आला आणि ते उडालेच. "एकच जावई, एकच व्याही, एकच मानपान! दोघी भनी एका घरात गुण्यागोविंदानं नांदतील." त्यांनी असं तोंड केलं होतं, की जणू दोन लेकींचं ओझं एकाच गाडीत भरायची युक्ती आजवर कुणाला सुचलीच नव्हती.

जिवनला काहीच सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं, हैदराबादच्या बागेत वाघ आहे, तो बघायला जायचं. आज या बागेत रुख्मिणीकडून हो वदवून घ्यायचं आणि सुपारी फोडायची. सुपारी पार्वतीबाईंच्या कनवटीला होती.

आणि आशाबाईंनाही मनातून ते पटलं होतं, हे खोटं कशाला बोला. परकी बाई येऊन रुखीला मोलकरीण करील, त्यापेक्षा पाठची बहीण बरी. रात्री रुखीचं डोकं दुखलं तर कुणी हात तरी फिरवील.

रुख्मिणी तळ्याच्या बाजूनं, मुख्य रस्त्यावरून आली. अंगावर शाल, कपाळाला घाम, जणू फार लांबून चालत आलेली. आशाबाई उठून धावल्या आणि लेकीला कवटाळून रडायला लागल्या.

"किती वाळलीस गं! लई दूर हाय का घर?"

"फिरून यावं लागतं, माय," रुख्मिणी म्हणाली. मग बापाच्या पाया पडली, आत्याच्या पाया पडली, आणि धाकटीची वेणी ओढली. जिवननं तिचा हात झटकला.

"ताई, वाघ कुठं हाय?"

"हाय. कुठं पळून जात न्हाई तो."

आशाबाईंनी लेकीचा हात हातात घेतला. तळव्यांना शेणाचा वास होता, ओला, सकाळचा. शहरात कुठं सारवावं लागतं हिला, असं त्यांच्या मनात आलं, पण तेवढ्यात संतरामांनी भाकरीचं गाठोडं सोडा म्हणून आरोळी ठोकली.

*

सोनाजीला त्या दिवशी दोन गोष्टींची भीती वाटत होती आणि दोन्ही एकाच कौलाखाली होत्या.

सासऱ्यांना तो बागेचा दरोगा, म्हणजे सगळ्या बागेचा साहेब, आहे असं वाटत होतं. तसं त्यानंच सांगितलं होतं. तो बागेच्या कचेरीतला कारकून होता, आणि कुंड्या कुठून उचलून कुठं ठेवायच्या हे माळ्यांना सांगणं हे त्याचं काम. सरकारनं त्याला राहायला दोन खोल्या दिल्या होत्या. त्याच खोल्यांना संतराम आत्ताच खोपट म्हणाले होते.

हो, ते घर त्याचंच. चिंच त्याच्या अंगणात, तुळस रुख्मिणीची, लिंबू रुख्मिणीचं, आणि रांजण ती रोज पहाटे भरायची. सासरे घरी येणार नाहीत हे कळलं तेव्हा सोनाजीला हायसं वाटलं होतं. खोपट दिसणार नाही आणि दरोगेपण टिकेल! मग रुख्मिणी म्हणाली होती, त्यांना बाजूच्या फाटकानं आणा आणि आपल्या चिंचेखाली बसवा.

"आन् त्यायला कळलं तर?"

"तुमी सांगणार हाव का?"

तो सांगणार नव्हता. सांगायचं तर आधी कारकून आहे हे सांगावं लागलं असतं. आज पाहुणे चिंचेखाली बसेपर्यंत रुख्मिणी पुढच्या दारानं निघाली, आख्ख्या तळ्याला वळसा घालून आपल्याच अंगणात पाहुण्यासारखी आली. सोनाजी तिच्याकडं बघत राहिला. नऊ वर्षांत ही बाई आपल्याला कळलीच नाही, असं त्याला वाटलं, आणि थोडी भूकही लागली.

दुसऱ्या बायकोचं म्हणाल तर त्याचं मत नव्हतं. आईसमोर तो म्हणे, तू म्हणशील तसं. रुख्मिणीसमोर म्हणे, मी काय बोलू? मनात मात्र तो कधीकधी दोन ताटं वाढलेली बघायचा, एकीकडून भाकरी आणि दुसरीकडून कालवण येतंय, आणि भांडण कुणाचंच नाही. यात आपलं काही चुकतं असं त्याला वाटत नव्हतं. तो कुणाला मारत नव्हता, पीत नव्हता. एवढा चांगला माणूस आणखी काय करणार?

*

दशम्या, धपाटे, दाण्याची चटणी. संतरामांनी सरकारी मिरच्या तोडल्या, आशाबाईंनी दगडावर त्यांचा ठेचा केला, वर सरकारी लिंबू. रुख्मिणी जेवली नाही, वाढत राहिली. बापाच्या हातात तांब्या रिकामा झाला की ती रांजणातून भरून द्यायची. संतराम तिच्या हातून घ्यायचे आणि म्हणायचे, "पाणी सरकारचं हाय म्हणून घेऊन राहिलो हां. न्हाई तर तुझ्या हातचं म्या घेतलं नसतं."

"माहीत हाय, बा. घ्या अजून."

जेवण झालं आणि पार्वतीबाईंनी कनवटीची सुपारी काढून जाजमावर ठेवली.

जिवननं सुपारीकडं बघितलं. मग आईकडं, मग मेव्हण्याकडं. सोनाजी चिंचेच्या पानांकडं बघत होता. तिला सकाळी नवा हिरवा चुडा भरायला लावला होता. वाघाला दाखवायला नव्हे, हे तिला आत्ता कळलं.

"रुखे," पार्वतीबाई म्हणाल्या, "तुझ्या सासूचा सांगावा आलाय. बाहेरची यायची त्यापेक्षा घरची बरी. जिवीला आमी सोनाजीरावाला देतो. तू हो म्हण, सुपारी फोडू."

हिरवळीवर कुणाचं तरी पोरगं हसत होतं.

"आत्या," जिवनच बोलली, "मला वाघ बघायला आणलं व्हतं ना?"

"मोठ्या माणसांत बोलू नाही."

"माझं लगीन हाय का मोठ्या माणसांचं?"

संतरामांनी डोळे वटारले. "पोरी! जावईबापू बसलेत."

"बसलेत तेच तर म्हणते. उठून काही तरी बोला म्हणावं. भाऊजी, तुमी बोला की!"

सोनाजीनं घसा खाकरला. "मी काय बोलू? मोठे हायेत ते."

"बघितलं?" जिवन आईकडं वळली. "ह्यायला दोन बायका पायजेत, आन् ह्यायला एक वाक्य येत न्हाई."

आशाबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. दाबता दाबता त्यांच्या ध्यानात आलं, की आपण कालपासून चुकीच्या बाजूला बसलो आहोत. त्या जाजमावरून सरकून जिवनजवळ गेल्या. संतरामांनी ते बघितलं.

"तू पण? कळशी सांडली तवाच म्या वळखायला पायजे व्हतं."

"कळशीचं काय घेऊन बसलाव? पोरीला इचारलं का तुमी एकदा तरी?"

"कोणी इचारतं का पोरीला? आक्काला कोणी इचारलं व्हतं का?"

सगळे पार्वतीबाईंकडं बघायला लागले. त्यांनाही थोरल्या बहिणीच्या नवऱ्यालाच दिलं होतं, पुसेगावला. बहिणीच्या पोटी काही नव्हतं म्हणून. पार्वतीबाईंना दोन पोरगे झाले, आणि घरात हा नमुना म्हणून सांगितला जायचा.

"न्हाई इचारलं," पार्वतीबाई म्हणाल्या. "आन् काय झालं आमाला? एका चुलीवर नांदलो. माझ्या थोरलीनं मला कधी शिवी दिली न्हाई. मरेस्तोवर एकदा बी न्हाई! अशा भनी असतेत."

"ऐकलं?" संतराम म्हणाले.

सुपारी निघाल्यापासून रुख्मिणी पहिल्यांदा बोलली. "ऐकलं. बा, जरा आडवं व्हा. ऊन लई हाय. उठल्यावर सांगते."

आणि तांब्याभर पाणी पुढं केलं. संतराम पाणी प्याले, आडवे झाले, आणि घोरायला लागले. सुपारी जाजमावर तशीच राहिली. पार्वतीबाई तिच्याकडं बघत बसल्या. आपण आत्ता बोललो ते बरोबर बोललो ना, असं त्यांना उगीच वाटून राहिलं होतं.

*

संतराम जागे झाले ते पोटातल्या पाण्यानं. सकाळपासून किती तांबे रिचवले होते देव जाणे. ते उठायला लागले, एक हात जमिनीला टेकला, आणि तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून एक बाई आत आली. हातात मेथीची जुडी, डोक्यावर ओढणी. शेजारच्या खोल्यांत राहणारी फातिमाबी. तिचा नवराही बागेच्याच कचेरीत होता.

"अगे रुक्मा, ये क्या तमाशा है गे? मायके के लोगां आए, और तू उनको आंगन में जाजम पे बिठा के रखी? अंदर काय कू नै बुलाई?"

संतराम अर्धवट उठलेले, तसेच थांबले. "आंगन? किसका आंगन?"

"और किसका? रुक्मा का."

"ये बाग सरकार का है!"

"हौ, बाग सरकार का. मगर ये कोना तो इनो लोगां कू मिला है ना. घर ये रहा, तुलसी रुक्मा लगाई, नींबू रुक्मा लगाई, रांजन रुक्मा भरती." मग रांजणात डोकावून ती कळवळली. "हाय अल्ला, पूरा खाली? इत्ती प्यास लगी थी बाबा कू?"

मेथी रुख्मिणीच्या हातात देऊन फातिमाबी गेली. ती मुद्दाम आली होती का सहज, हे कुणालाच कधी कळलं नाही. जाताना तिनं ओढणी तोंडाशी धरली होती, एवढं जिवननं बघितलं.

संतरामांनी खोपटाकडं बघितलं. मग जावयाकडं.

"दरोगा?"

"मी काय बोलू, मामा," सोनाजी म्हणाला.

संतराम उठायला लागले. पार्वतीबाईंचा आवाज आला.

"बस खाली, संतू."

"आक्का, मला जाऊन येऊ दे..."

"बस म्हणते ना! लेकीच्या दारचं खाल्लंस, प्यालंस. ती मागंल ते द्यायचं, जागेवरून उठायच्या आत."

"तूच म्हणालीस, सरकारचं पाणी हाय!"

"म्या चुकले. तू प्यालास." पार्वतीबाई रुख्मिणीकडं वळल्या. तिच्या हातांकडं बघून म्हणाल्या, "सडा कोणी टाकला, पोरी?"

"मी."

"रांगोळी?"

"मीच."

"माग."

संतरामांच्या डोळ्यांपुढून आख्खा गोठा चालत गेला. तांबड्यांची जोडी, दुभती म्हैस, नवी खोंडं. कोणतं जनावर वाचवता येईल याचा त्यांनी मनात हिशेब केला, पोट आवळून.

रुख्मिणी म्हणाली, "जिवीचं कन्यादान मला द्या."

"म्हंजी?"

"तिला कुठं द्यायचं, कधी द्यायचं, द्यायचं का न्हाई, ते मी ठरवीन. तुमी न्हाई. ह्यायनी न्हाई. साखऱ्याच्या म्हातारीनं तर न्हाईच न्हाई."

संतरामांना आधी बरं वाटलं. बैल वाचले. मग हळूहळू अर्थ डोक्यात उतरला, आणि चेहरा लाल झाला.

"असं कुठं मागतेत का? बैल माग! तांबड्या जोडीतला कोणता बी माग. दोन्ही घे, जा!"

आशाबाई म्हणाल्या, "अहो, लेकीला एका सुपारीत देत व्हताव, आता तिच्यासाठी जोडी देऊन राहिलाव? सकाळीच एवढी किंमत केली असती तर!"

"बैल कुठं बांधू, बा?" रुख्मिणी म्हणाली. "जागा बघितली ना तुमी. खोपट हाय."

संतरामांनी मांड्या आवळल्या. कपाळावर घाम आला. "अगं, पण तुझ्याच भल्याचं करून राहिलो! जिवी न्हाई दिली तर तुझी सासू बाहेरची आणील. परकी बाई तुझ्या उरावर बसंल. चालंल तुला?"

रुख्मिणीनं मेथीची जुडी मांडीवर ठेवली.

"चालंल. परकीशी भांडता येतं. तिच्या झिंज्या धरता येतील, तिला शिव्या घालता येतील, तिच्या नावानं बोटं मोडता येतील. भनीचं काय करू, बा? ही पाळण्यात व्हती तवा हिला म्या झोका दिला. हिच्या पोटाकडं रोज बघायचं, आन् हसून जेवायला वाढायचं? मला न्हाई जमायचं. मी मरून जाईन, पण हिला एक शिवी देणार न्हाई, आन् त्यानंच मरीन."

सोनाजी जाजमावर पडलेली चिंचेची पानं वेचायला लागला.

"माझ्या थोरलीनं मला कधी शिवी दिली न्हाई," पार्वतीबाई म्हणाल्या. जेवण झाल्यावर म्हणाल्या होत्या तेच शब्द, पण आता त्या कुणालाच सांगत नव्हत्या. "माझ्या हातचं ताट घ्यायची, भिंतीकडं तोंड करून जेवायची. मला वाटायचं, किती गुणाची हाय."

त्यांनी जाजमावरची सुपारी उचलून पुन्हा कनवटीला लावली.

"दिली म्हण, संतू."

"आक्का, घरी जाऊन बसून बोलू..."

"दिली म्हण. न्हाई तर बस इथंच, बघू किती येळ बसतोस ते."

संतराम बसले. चिंचेकडं बघितलं, तुळशीकडं बघितलं, रिकाम्या रांजणाकडं बघितलं, आणि तिकडं बघायला नको होतं.

"दिली!" ते ओरडले आणि धोतर सावरत उठले. "दिली, दिली! कुठं जाऊ?"

"घरामागं परसात जा, बा," रुख्मिणी म्हणाली. "आपल्याच लेकीचं हाय."

खोपटाला वळसा घालून संतराम दिसेनासे झाले. सोनाजी थोडा वेळ उभा राहिला आणि मग कुणी न सांगता रिकामा रांजण उचलून नळाकडं गेला. लग्नानंतर त्यानं पहिल्यांदाच पाणी भरलं असावं.

जिवन अजून जागची हलली नव्हती. ती एकदम उठली आणि रुख्मिणीच्या पाठीत तिनं धपाटा घातला.

"सगळं माहीत व्हतं तुला! मला काहून सांगितलं न्हाईस, मेले? माझा जीव गेला असता ना इथं बसल्या जागी!"

"तुला सांगितलं असतं तर तू गाडीतच बोंबलली असतीस! तोंड हाय का ते भोंगा?"

"तुझंच तोंड भोंगा! वाघ वाघ म्हणून आणलं आन् हिरवा चुडा भरला! सोड माझी वेणी!"

"तू सोड आधी!"

दोघी जाजमावर लोळल्या, मेथी सगळीकडं पसरली, आणि कुणाचा हात कुणाच्या केसात होता ते कळेना. दोघी रडत होत्या का हसत होत्या तेही कळेना. हिरवळीवरच्या छत्रीवाल्या बायका कुंपणाच्या फटीतून बघायला लागल्या. आशाबाई त्यांना सोडवायला धावल्या.

पार्वतीबाईंनी त्यांचा पदर धरून मागं ओढला.

"भांडू दे त्यायला, आशा," त्या म्हणाल्या. "भांडू दे गं."